शाळेत माध्यम साक्षरता मोजायची कशी? विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांचीही

नववीच्या वर्गात विचारून बघा, "व्हॉट्सॲपवर आलेली बातमी पुढे पाठवण्याआधी तपासता का?" भराभर हात वर होतील. शिक्षक कक्षात विचारलंत तरी उत्तर वेगळं येणार नाही. पण या होकारातून कौशल्याचा पत्ता लागत नाही. 'तपासावं' हे सगळ्यांना माहीत आहे एवढंच कळतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने २०१८-१९ मध्ये ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांना एक व्हिडिओ दाखवला. मतपेटीत मतपत्रिकांचे गठ्ठे कोंबले जातायत असं त्यात दिसत होतं आणि हा प्रकार अमेरिकेतल्या निवडणुकीत घडला असा दावा सोबत होता. मुलांसमोर इंटरनेट चालू होतं आणि शोधायची मुभाही होती. तरी ५२ टक्के मुलांनी हा भक्कम पुरावा मानला. व्हिडिओ मुळात रशियातला होता आणि तो कुठून आला हे शोधून काढणारी मुलं अख्ख्या देशातून निघाली फक्त तीन.

म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: विचारू नका, करून दाखवायला सांगा. खाली दिलेली पद्धत एका माध्यमिक शाळेला स्वतःच्या बळावर राबवता येईल अशी आहे. एक तुकडी, शाळेतले शिक्षक, संगणक कक्ष किंवा दोन-तीन फोन आणि झेरॉक्सचा खर्च एवढ्यात काम भागतं.

आधी ठरवा, नेमकं काय मोजायचं

'माध्यम साक्षरता' या नावाखाली वर्तमानपत्र वाचण्याच्या सवयीपासून सायबर सुरक्षेपर्यंत काहीही कोंबलं जातं. एका चाचणीत ते मावत नाही. स्टॅनफर्डच्या गटाने तीन प्रश्नांवर भर दिला आणि शाळेसाठी ते पुरेसे आहेत. ही माहिती कोणाची आहे? पुरावा काय? इतर ठिकाणी याबद्दल काय म्हटलंय? मी त्यात चौथा घालतो: हे कोणाच्या पैशाने माझ्यापर्यंत आलं? वर्तमानपत्रातल्या बातमीसारख्या मजकुरावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं. रीलमध्ये एखादी ताई क्रीम लावून दाखवते आणि कोपऱ्यात 'पेड पार्टनरशिप' दिसतं. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इन्फ्लुएन्सरने पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर तसं दिसेल असं लिहायला हवं. ती खूण मुलांच्या नजरेला पडते का, हे मोजण्यासारखं आहे.

फोन वापरता येणं म्हणजे माध्यम साक्षरता नव्हे, हेही आधीच स्पष्ट असू द्या. शिक्षणाच्या स्थितीवरच्या 'असर २०२४' या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. रील झरझर सरकवणाऱ्या बोटांना ती रील कोणाची आहे हे शोधता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे.

पहिली चाचणी: खऱ्या-खोट्या विधानांचा कागद

सोळा विधानं घ्या, आठ खरी आणि आठ खोटी. प्रत्येकापुढे दोनच पर्याय ठेवा, खरं किंवा खोटं. 'सांगता येत नाही' हा तिसरा पर्याय मोहक वाटतो, पण सावध मुलं सगळीकडे तोच ठोकतात आणि कागद निकामी होतो. त्याऐवजी शेजारी एक रकाना द्या: 'हे तपासायचं झालं तर सगळ्यात आधी कुठे बघाल?'

बहुतेक चाचण्या फसतात त्या खऱ्या विधानांपाशी. सगळी विधानं खोटीच दिली तर प्रत्येक गोष्टीला 'फेक' म्हणणारा मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ही सवय लागते आणि मग खरी पूरसूचना, खरं लसीकरण, खरी बातमी यांवरही विश्वास उरत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेल्या वीस मथळ्यांच्या चाचणीत म्हणूनच दहा खरे आणि दहा खोटे मथळे असतात, आणि खरं ओळखणं, खोटं ओळखणं, सरसकट अविश्वास, सरसकट भोळेपणा यांचे गुण वेगवेगळे काढले जातात. आपणही तेच करायचं.

समजा, एका मुलीने आठही खोटी विधानं पकडली, पण खऱ्यांपैकी फक्त दोनच मान्य केली. दुसऱ्या मुलाने खोट्यांपैकी पाच पकडली आणि खऱ्यांपैकी पाच मान्य केली. बेरीज दोघांचीही दहा. पण मुलीला विश्वास कशावर ठेवायचा हे शिकवावं लागेल आणि मुलाचा बहुधा अंदाजपंचे कारभार आहे. नुसती बेरीज फळ्यावर लिहिलीत तर हा फरक पुसला जातो. म्हणून दोन आकडे वेगळे लिहा आणि त्यांची बेरीज करूच नका.

विधानं आपल्या मातीतली हवीत. खोट्यांसाठी जुन्या, नीट तपासून झालेल्या अफवा घ्या. युनेस्कोने 'जन गण मन' जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. युनेस्कोने असं कधीच जाहीर केलेलं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची आवई उठली होती, तीही चालेल. खऱ्यांसाठी ऐकायला अचाट वाटतील अशा गोष्टी शोधा. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. हे खरं आहे, आणि त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं तपासणीत आढळलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ सुमारे ३,००० किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. हेही खरं, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. खरी विधानं मिळमिळीत आणि खोटी चमचमीत असली की मुलं वासावरूनच उत्तर ओळखतात. दोन्हीकडे सारखाच मसाला पाहिजे.

पक्ष, नेते, जात आणि धर्म यांवरची विधानं पहिल्या चाचणीत घेऊ नका. अशा विधानावर मूल उत्तर देतं ते घरात काय बोललं जातं त्यावरून, आणि मोजलं जातं घरचं मत. काही पालक त्याच संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहतील, हे वेगळंच. कौशल्य रुजल्यावर दहावीत, शिक्षकाची तयारी असेल तर, हे विषय जरूर घ्यावेत.

आणि एक अट कधीही मोडायची नाही: ज्या दिवशी कागद सोडवला, त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत प्रत्येक खोटं विधान खोटं का आहे ते सांगायचं. नाहीतर अफवा पसरवण्यात आपलाच हातभार लागतो.

दुसरी चाचणी: एकच चित्र, मोकळं उत्तर

दर दिवाळीत एक चित्र फिरतं. भारताचा नकाशा अंधारात, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ओळ: 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत.' ते रंगीत छापा, झेरॉक्समध्ये रंग जातात आणि सगळी गंमतही जाते. खाली एकच प्रश्न द्या: 'दिवाळीच्या रात्री भारत अवकाशातून असा दिसतो, याचा हे चित्र भक्कम पुरावा आहे का? का ते पाच-सहा ओळींत लिहा.'

वस्तुस्थिती अशी की हे एका रात्रीचं छायाचित्रच नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वर्षानुवर्षं गोळा केलेल्या माहितीवरून ते रचलेलं आहे. भारतात दिव्यांचा विस्तार कसा होत गेला हे त्यात दाखवलंय. पांढरे दिवे सगळ्यात आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं खरं चित्र प्रसिद्ध केलं तेव्हा सोबत सांगितलं होतं की दिवाळीचा जास्तीचा उजेड अवकाशातून जवळजवळ जाणवत नाही.

हे सगळं मुलांना माहीत असण्याची अपेक्षा नाही. आपण सामान्य ज्ञान तपासत नाही. चित्राकडे बघून योग्य प्रश्न पडतो का, एवढंच बघायचं आहे. गुणदान शून्य ते तीन असं ठेवा.

शून्य: 'हो, कारण चित्रात दिवे स्पष्ट दिसतात' किंवा 'नाही, व्हॉट्सॲपवरचं सगळं खोटंच असतं.' दुसरं उत्तर 'नाही' असूनही शून्यच. कारण न देता केलेला अविश्वास हे कौशल्य नाही.

एक: 'नाही, दिवे असे निळे-हिरवे नसतात, एडिट केलेलं वाटतं.' चित्राच्या आत बघितलं, पण चित्राच्या बाहेर कोणी गेलं नाही.

दोन: 'हे चित्र कोणी टाकलं, कधीचं आहे ते दिलेलं नाही. नासाचं नाव कोणीही लिहू शकतं.' उगमावर बोट ठेवलं.

तीन: उगमावर बोट ठेवून पुढची वाट सांगितली. 'नासाच्या संकेतस्थळावर हे चित्र आहे का बघेन, चित्राचा उलट शोध घेईन (म्हणजे चित्रच शोधपेटीत टाकून ते आधी कुठे आलंय ते बघेन), दुसऱ्या तारखेला हेच चित्र फिरलंय का ते बघेन.'

स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ च्या अहवालात अशीच एक कृती वापरली होती. विद्रूप झालेल्या डेझीच्या फुलांचा फोटो आणि खाली फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघाताशी जोडलेला दावा. हायस्कूलच्या वीस टक्क्यांहून कमी मुलांनी फोटो टाकणाऱ्याबद्दल शंका घेतली. जवळपास चाळीस टक्क्यांना फोटो आहे म्हणजे पुरावा आहे असंच वाटलं.

एआयने बनवलेली चित्रं घेतलीत तर बोटं मोजायला लावणारा प्रश्न काढू नका. आज जी खोड दिसते ती पुढच्या वर्षी दिसणार नाही. चित्र आलं कुठून, हा प्रश्न मात्र टिकेल.

तिसरी चाचणी: हातात फोन, शेजारी निरीक्षक

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच, कारण तिला वेळ लागतो. अख्खी तुकडी घेऊ नका. हजेरीपटावरून दर चौथा क्रमांक उचला, म्हणजे हुशार मुलंच पुढे केली असं होणार नाही. प्रत्येकाला आठ मिनिटं द्या. शाळेचा फोन किंवा संगणक कक्षातलं यंत्र वापरा. मुलाचा स्वतःचा फोन, त्याचं व्हॉट्सॲप उघडायला लावू नका.

समोर एक अनोळखी संकेतस्थळ किंवा व्हिडिओ ठेवा आणि म्हणा, "यावर विश्वास ठेवायचा का ते ठरव. हवं ते उघडून बघ. काय करतोयस ते मोठ्याने बोलत जा." निरीक्षकाने मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, फक्त टिपायचं. मूल पान सोडून बाहेर पडलं का आणि किती वेळाने? शोधपेटीत नेमके कोणते शब्द टाकले? पहिल्याच निकालावर टिचकी मारली की चार-पाच निकाल नजरेखालून घातले? शेवटी ठरवलं काय आणि कशाच्या आधारे?

'पान सोडून बाहेर पडणं' याला एवढं महत्त्व का, तर स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थ्यांना अशीच कामं दिली होती. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर घुटमळत राहिले आणि देखण्या बोधचिन्हाला आणि सुबक मांडणीला भुलले. तथ्यतपासनीस मात्र लगेच नवा टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते बघायला गेले, आणि थोड्या वेळात अचूक निष्कर्षाला आले. म्हणजे विद्वत्ता असून भागत नाही, ही सवय वेगळी लावावी लागते. मुलांना आपण 'नीट लक्ष देऊन वाचा' सांगत आलो आहोत, इथे मात्र आधी पान सोडायचं असतं.

व्हिडिओ निवडताना महाराष्ट्रातली जखम लक्षात ठेवावी लागेल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अशा अफवांसोबत एक व्हिडिओ असायचा, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृतीसाठी बनवला होता. मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कापून टाकलेला होता. नववी-दहावीसाठी यातल्या दोन स्थिरचित्रांचे प्रिंट घेऊन 'याचा उगम शोध' ही कृती चांगली होते. मारहाणीची दृश्यं मात्र कुठल्याही कारणाने वर्गात आणू नका.

शोध मराठीत घेतला की इंग्रजीत, यावर गुण कापू नका, पण नोंद ठेवा. मराठीत शोधल्यावर हाती कमी लागतं. अडचण कौशल्याची होती की भाषेची, हे नंतर त्या नोंदीवरूनच कळेल. नेट नसेल तर शोधनिकालांचं पान छापून द्या आणि विचारा, 'यातला कोणता दुवा आधी उघडशील आणि का?' थेट शोधाइतकं ते खरं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं.

शिक्षकांचं मोजमाप: काम तेच, वातावरण वेगळं

शिक्षकांना तीच तिन्ही कामं द्या. मुलांना जे येत नाही ते आपल्याला येतं का, हे न बघता शिकवायला उभं राहणं बरोबर नाही. पण चाचणीचं नाव काढलं की शिक्षक कक्षात कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांचंही खरं आहे. ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामात आधीच गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला आणखी एक परीक्षा कशाला हवी? म्हणून मुख्याध्यापकांनी लेखी सांगावं की याचे गुण गोपनीय अहवालात जाणार नाहीत. कागदावर नाव नको, प्रत्येकाने स्वतः निवडलेलं सांकेतिक चिन्ह चालेल. गुण तपासायला शेजारच्या शाळेतले सहकारी बोलवा.

शिक्षकांसाठी एक खास कृती आहे. धो-धो पाऊस लागला की शिक्षकांच्या गटांवर शाळांना सुट्टीची पत्रकं फिरू लागतात, त्यात जुनी तारीख बदललेलीही असतात. दोन शासन निर्णय छापा. एक खरा आणि दुसरा त्याच खऱ्याची तारीख आणि एखादा परिच्छेद बदलून केलेला, बदललेली प्रत कोणती याची नोंद फक्त तपासणाऱ्याकडे ठेवा आणि काम संपताच सगळ्या प्रती परत घ्या. शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक असतो आणि तो टाकून मूळ प्रत महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर काढता येते. वर्षानुवर्षं ती ओळ डोळ्याखालून जाते. ती वापरायची कशी हे किती जणांना करून दाखवता येतं, ते बघा.

स्वतःला येणं आणि शिकवता येणं यांतही अंतर आहे. त्यासाठी दिवाळीच्या चित्रावरची चार उत्तरं शिक्षकांना द्या, त्यांना शून्य ते तीन गुण द्यायला सांगा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे काय सांगाल ते दोन ओळींत लिहायला सांगा. 'व्हॉट्सॲपवरचं सगळं खोटंच' या उत्तराला पूर्ण गुण देणारा शिक्षक वर्गातही तेच रुजवणार. मला ही कृती शिक्षकांच्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

कामं सुरू होण्याआधी विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही एक प्रश्न विचारून ठेवा: 'खोटी बातमी ओळखण्यात तुम्ही इतरांच्या तुलनेत किती चांगले आहात? शंभरपैकी आकडा लिहा.' स्वतःबद्दलचं मत म्हणजे मोजमाप नव्हे, पण प्रत्यक्ष गुणांशी ताडून बघायला ते उपयोगी पडतं. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चारपैकी तीन जणांनी स्वतःची कुवत जास्त धरली होती, आणि ज्यांचा अंदाज जास्त फुगलेला ते खोट्या बातम्यांना जास्त बळी पडणारे होते.

संमती, गुणदान, आणि आधी-नंतर

१८ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही त्यावर भर दिला आहे. कागदावर नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी एकाच कुलपात.

मोकळ्या उत्तरांना दोन शिक्षकांनी, एकमेकांचे गुण न बघता, गुण द्यावेत. पहिल्या वीस कागदांत सोळाहून कमी ठिकाणी एकमत झालं तर दोष बहुधा निकषांत आहे. बसून बोला, निकषाची भाषा बदला, नवे वीस कागद घ्या. त्याआधी सगळी चाचणी दुसऱ्या तुकडीवर चालवून बघा. ज्या विधानावर सगळे बरोबर किंवा सगळे चूक येतात ते काढून टाका, त्यातून कोणाबद्दलच काही कळत नाही.

शिकवल्यावर फरक पडला का हे बघायचं असेल तर सारख्या काठिण्याचे दोन संच करा. निम्म्या वर्गाला आधी अ आणि नंतर ब, उरलेल्यांना आधी ब आणि नंतर अ. नाहीतर मुलांना प्रश्न पाठ झाले होते की कौशल्य आलं होतं, यावर वाद घालत बसाल. अजून न शिकवलेली एक तुकडी तुलनेला ठेवा आणि मोजमाप झाल्यावर तिलाही शिकवा.

उत्तरचाचणी, म्हणजे शिकवल्यानंतरची चाचणी, शिकवणी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन थांबू नका. बिहारमध्ये राज्य शासनाच्या 'जीविका' या ग्रामीण उपजीविकेच्या उपक्रमासोबत झालेल्या अभ्यासात ५८३ गावांतल्या आठवी ते बारावीच्या १३,५०० हून अधिक मुलांना घेतलं होतं. वर्ग १४ आठवड्यांत विभागलेले होते, आणि चार महिन्यांनी पुन्हा बघितलं तेव्हाही परिणाम टिकून होता. त्याआधी बिहारमध्येच प्रौढांसाठी घेतलेल्या तासाभराच्या एका सत्राने मात्र एकंदर फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा एका व्याख्यानानंतर टाळ्यांच्या गजरात घेतलेल्या चाचणीवर भिस्त ठेवू नका. जूनमध्ये पूर्वचाचणी, दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तरचाचणी आणि फेब्रुवारीत तिसरी फेरी, हे वेळापत्रक आपल्या शाळांना जमतं. दहावीला फेब्रुवारीत हात लावता येणार नाही, म्हणून आठवी-नववीच निवडा.

निकाल हातात आल्यावर

गुणानुक्रम लावू नका. तिन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून वाचा. कागदावर उत्तम आणि फोनवर अडखळणारी मुलं असतील तर त्यांना संगणक कक्षात शोध घेण्याचा सराव हवा, आणखी एक तास व्याख्यान नको. खोटी विधानं पकडली पण खरी नाकारली असं वर्गभर दिसलं, तर भरवशाचे स्रोत कोणते आणि ते भरवशाचे का, यावर पुढचे तास घ्या. शोध नीट पण निष्कर्ष कच्चा असेल तर मराठीच्या तासाला मुद्देसूद लेखनाशी जोडा. आणि शिक्षकांचे आकडे मुलांपेक्षा फार वेगळे नसतील, तर मुलांचे तास सुरू करायच्या आधी शिक्षकांचे घ्या.

पालकसभेत आकड्यांचे तक्ते दाखवण्याऐवजी दिवाळीचं ते चित्र पालकांपुढे ठेवा, पाच मिनिटं द्या, आणि गुणदानाचे निकष मुलांनाच समजावून सांगू द्या. बिहारच्या अभ्यासात मुलांनी शिकलेलं त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचल्याचं दिसलं होतं. फेब्रुवारीच्या फेरीत विद्यार्थ्यांसाठी एक जादा प्रश्न त्यामुळे घालता येईल: 'या वर्षात घरातल्या कोणाला एखादा निरोप तपासून दाखवलास का? कोणता होता, आणि कसा तपासलास?' त्यातल्या 'कसा' या भागालाच गुण द्या.